फुकट मिळणारी हुशारी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा संबंध सांगलीच्या मार्केट यार्डाशी आला आहे. कोणी हमाली केली, कोणी अडत्याकडे हिशेब लिहिले. हळदीच्या सौद्यात खरेदीदार एकच असला तर भाव पडतो व दहा असले तर चढतो, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. आज मी अशाच एका सौद्याविषयी बोलणार आहे. त्यातला माल आपल्याच घरातला आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी लोकांपुढे ठेवले. हे यंत्र अफाट मजकुरावर तयार केलेले असते व पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधीत उत्तर लिहिते. मागोमाग गूगल, मेटा, अँथ्रोपिक मैदानात उतरले. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने थोड्या खर्चात तोडीस तोड यंत्र केल्याचे सांगितले, तेव्हा चिप बनविणाऱ्या एनव्हीडियाचे बाजारमूल्य २७ तारखेच्या एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरनी घसरले.

या चढाओढीने आपला फायदाही झाला, हे प्रथम कबूल करतो. यंत्र मजकुराचे तुकडे पाडून वाचते आणि खर्च तुकड्यांवर पडतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे मॉडेल आणताना एकाच मजकुराचे नमुने दिले होते. त्यात मराठीचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले, उर्दूचे ८२ वरून ३३ वर. इंग्रजीचे आधीच २७ होते! म्हणजे तोवर आपल्या दोन्ही माध्यमांच्या भाषांना इंग्रजीच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक भार पडत होता.

पुढे २०२५ साली तर वस्तू फुकटच वाटली गेली. जुलैत एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी वर्षभर दिले. ऑक्टोबरअखेर जिओने गूगलची सेवा अठरा महिने देऊ केली, तीही प्रथम १८ ते २५ वयाच्या मुलांना. नोव्हेंबरात ओपनएआयने महिना ३९९ रुपयांची योजना वर्षभर मोफत केली. नेमके याच वयाला आधी का बोलावले, याचा पालकांनी विचार करावा. या वयात लागलेली सवय सुटत नाही. बोली लागली आहे ती त्या सवयीवर. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: जिथे कार्ड वा यूपीआय जोडून घेतात, तिथे मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेवा.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या नववीतल्या एका मुलाने हरिपूरच्या पेवांवर निबंध आणला. भाषा इतकी सफाईदार की मीच चकित झालो. पण त्यात पेव म्हणजे पाणी साठविण्याची विहीर, असे लिहिले होते. यंत्राचे नाव सांगत नाही, दुसऱ्यानेही कदाचित तेच सांगितले असते. मुलाच्या आजोबांनी उमेदीत पेवातून हळदीची पोती काढलेली. ते म्हणाले, "अरे, पाणी शिरलं तर हळद राहील काय? २००५ च्या पुरात पेवं गेली ती पाण्यानंच." आजोबा घरातच होते, मुलाने विचारले मात्र यंत्राला. मला चुकीपेक्षा याचे वाईट वाटले.

यंत्राला ठाऊक नसते, कारण आपण लिहिलेले नसते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये या कामासाठी १०,३७२ कोटींची योजना मंजूर केली, मुंबईच्या आयआयटीत भारतजेन हा प्रकल्प उभा राहिला. ही मोठी कामे झाली. पण पुण्यातल्या एल३क्यूब गटात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मराठी मजकूर गोळा केला, त्यावर मॉडेले तयार केली व सर्वांना खुली करून दिली. तीही आपल्या मुलांसारखीच मुले.

म्हणून येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या संगणक कक्षात मुले जमणार आहेत. यार्डातले, पेवातले, विणकामाचे, स्वयंपाकघरातले शब्द अर्थासह मराठीत आणि उर्दूत उतरवून घ्यायचे आहेत. आपल्या घरी असे कोणी आजोबा, नानी, दादी असतील तर त्यांना सोबत आणावे. जिना चढावा लागणार नाही. खोली खालीच आहे.