नवी तार बसू द्या

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा भोपळा मिरजेला जातो आणि तिथल्या कारागिरांच्या हातून त्याचा तंबोरा होतो. या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र तंबोरा कितीही उत्तम असला, तरी मैफलीच्या दिवशीच त्यावर नव्या तारा चढवल्या, की त्या गाणे ऐन रंगात असताना उतरू लागतात. मग कोणी तारेला दोष देतो, कोणी सोलापूरच्या उन्हाळ्याला. माझ्या मते खरा दोष आपल्या घाईचा आहे.

याचा पुरावा तंबोऱ्यातच आहे. जोडाच्या दोन तारा सारख्याच जाडीच्या, दोन्ही पोलादी आणि एकाच षड्जात लावलेल्या असतात. त्यांतली एकच बदलून पाहावी. जुनी तार जागेवर राहते, नवी तेवढी उतरते. उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि तार ढिली पडते हे खरेच. पण ऊन दोन्ही तारांना सारखेच लागते. मग नवीच का उतरावी? कारण खुंटीवरचे तिचे वेढे अजून आवळत असतात, खालच्या टोकाची गाठ घट्ट होत असते आणि घोडीवर तिला हळूहळू बाक येत असतो. अशी केसभर तार सुटली, तरी ताण कमी होतो. ताण शंभरात दोनने घटला, की कंपने शंभरात एकाने घटतात. म्हणजे सेकंदाला 200 कंपनांची तार 198 वर येते आणि शेजारच्या तारेशी सेकंदाला दोन हेलकावे घेऊ लागते. वरच्या स्वयंभू स्वरांत हे हेलकावे पटीने वाढतात, आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा ठेवून आणलेली झंकार, तर नेमके तेच स्वर उजळून दाखवते. एरवी खपून जाणारी चूक तंबोऱ्यात लपत नाही, ती यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, जाणकार माणूस तार हाताने हलकेच ओढून लगेच बसवतो, मग थांबायचे कशाला? ओढल्याने वेढ्यांतला ढिलेपणा निघतो, हे मान्य. पण घोडीवर तार नीट टेकल्याशिवाय जवारीच्या दोऱ्याची जागा पक्की होत नाही, आणि जोराने ओढले तर खर्जाची पितळी तार तुटायची भीती असते. दुसरा आक्षेप असा, की थांबण्यात नव्या तारेची झळाळी जाते. ती जाते गंजाने आणि घामाने. वादनानंतर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या, तर चार-पाच दिवसांत काही बिघडत नाही. उलट, मळलेली, गंजलेली जुनी तारच शेवटपर्यंत ठेवणे हाही उपाय नव्हे. तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि ती शुद्ध बोलत नाही.

म्हणून तंबोरा बाळगणाऱ्यांना एवढेच सांगणे, की तारा बदलायच्याच, पण कार्यक्रमाच्या निदान चार-पाच दिवस आधी. तारांमधले सूर जुळवायचे मणी मधोमध ठेवा, म्हणजे पुढे सूर चढवायला आणि उतरवायला दोन्हीकडे वाव राहील. रोज तारा स्वरात आणा, थोडा वेळ छेडा आणि तशाच स्वरात ठेवा. जोडाच्या तारा दुसऱ्या दिवशीही एकमेकींशी जुळलेल्या आढळल्या, की तंबोरा मैफलीला न्यायला हरकत नाही.