तारनाक्यावरून शंकररावांकडं बघताना

भैंसा, मुधोळ, औराद, भालकी अशा गावांतून येऊन तुम्ही तारनाक्याला खोली करून राहता. समोरच उस्मानिया विद्यापीठ. त्या काळी तिथं उर्दूतून शिकवत. १९२० साली पैठणला जन्मलेला एक मराठी पोरगा तिथंच वकिली शिकला. त्यांचं नाव शंकरराव चव्हाण.

तेव्हा त्यांचं नांदेड आणि आपली गावं निजामाच्या एकाच राज्यात होती. त्या राज्याविरुद्धच्या लढ्यात ते उतरले. पुढं नांदेडचे नगराध्यक्ष, पाटबंधारे मंत्री, १९७५ आणि १९८६ असे दोनदा मुख्यमंत्री, नंतर देशाचे गृहमंत्री झाले. आणीबाणीत राज्य त्यांच्याच हातात होतं, हेही झाकायचं नाही. पण मराठवाडा त्यांना ओळखतो तो जायकवाडी आणि विष्णुपुरीच्या पाण्यानं. कडक शिस्तीमुळं लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे.

१९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. त्यांचं नांदेड मुंबई राज्यात गेलं. आपण अलीकडं राहिलो. आपल्या वाट्याला शंकरराव आले नाहीत.

पण त्याच वर्षी घटनेत कलम ३५०-क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं प्रयत्न करावा, असं ते सांगतं. मराठी शाळेत मास्तर नसला की आपण घोषणा देतो. हे कलम लावून अर्ज किती जणांनी लिहिला?

दुसऱ्याच्या भाषेत कायदा शिकून शंकरराव गावाकडं परतले. आपणही तेलुगू, कन्नड पक्की शिकू, कायदा वाचू. आणि परत जाऊ.