पिकअपचं गिअर तेल

एडवणच्या किनाऱ्यावर मासळीसाठी उभ्या राहणाऱ्या पिकअप बहुतेक हाताने गिअर टाकायच्या. त्यांच्या गिअरबॉक्सला सहसा फिल्टर नसतो. तेल बदलताना आधी भरायचा नट सुटतो का ते पाहा, मगच खालचा उघडा. नाहीतर तेल गेलं आणि गाडी जागेवर! निघालेलं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. ओल्या वाळूत चाकं बुडवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

ऑटोमॅटिकचं तंत्र वेगळं. तिथे तेलाच्या दाबानेच गिअर बदलतात. बहुतेकदा फिल्टर तळाच्या पॅनमध्ये असतो. तो काढलात की गॅस्केटही नवं घाला. तेलाचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेतलाच हवा.

आणि जुनं तेल खाडीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.