केवळ डंबेल्सचा व्यायाम : गुण आणि उणिवा

शहरांतील मध्यमवर्गीय घरांत पलंगाखालीं, ट्रंकेच्या शेजारीं किंवा गॅलरीच्या कोपऱ्यांत लोखंडी डंबेल्सची एक जोडी हटकून सांपडते. ती कोणी तरी उत्साहाच्या भरांत आणलेली असते. महिना-दीड महिना तिचा उपयोग होतो. पुढें परीक्षा येतात, पाहुणे येतात, पावसाळा येतो, आणि जोडी पलंगाखालीं जाते. केर काढतांना ती पायाला लागली म्हणजे तेवढ्यापुरती तिची आठवण होते. केवळ अशा एका जोडीच्या बळावर शरीर बलवान करतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तसा तो नाहीं. कारण त्याच घरांत साठी उलटलेलीं वडील माणसें जेवून पाटावरून उठतांना भिंतीचा आधार शोधूं लागलेलीं असतात, आणि पाण्यानें भरलेली बादली उचलतांना गृहिणीची कंबर कुरकुरूं लागलेली असते. शक्ति ही केवळ आखाड्यांतील मल्लाची गरज नव्हे. ती उठण्याबसण्याची गरज आहे.

डंबेल हा शब्द इंग्रजी असून त्याचा शब्दशः अर्थ ‘मुकी घंटा’ असा आहे. जोसेफ ॲडिसन या निबंधकारानें १७११ सालीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांत आपण रोज सकाळीं या मुक्या घंटेनें तासभर व्यायाम करतों, असें लिहून ठेविलें आहे. हातांत वजन घेण्याची कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी. प्राचीन ग्रीसमध्यें लांब उडी मारणारे खेळाडू दोन्ही हातांत दगडाचीं वा धातूचीं वजनें धरीत. आणि हिंदुस्थानांत मुद्गल, जोडी व मूठ असलेला दगडी नाल हीं तालमींतील साधनें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं आहेत.

डंबेल्सना सुशिक्षित घरांत स्थान मिळवून देण्याचें श्रेय बव्हंशीं युजेन सँडो (१८६७–१९२५) याचें. त्यानें १९०१ सालीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरविली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल होते. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि खेळ करून गेला. परंतु त्याच्या उदाहरणांत एक गोम होती, आणि ती आजहि ध्यानीं घेण्यासारखी आहे. रंगभूमीवर सँडो फार मोठीं वजनें पेली. ग्राहकांस मात्र तो हलकीं डंबेल्स देई. पाहणाऱ्यांनीं त्याचें शरीर पाहिलें आणि हलक्या डंबेल्सपासून तसेंच शरीर बनेल अशी समजूत करून घेतली. केवळ डंबेल्सच्या व्यायामाविषयीं होणारी निराशा बहुधा या समजुतींतूनच जन्म घेते.

स्नायु बलवान होतो तो कशानें, हें एकदां नीट समजलें म्हणजे साधनाचे गुणदोष आपोआप उलगडतात. दक्षिण इटलींतील क्रोटन या ग्रीक नगरीचा मल्ल मायलो याची कथा प्रसिद्ध आहे. तो रोज एक वासरूं खांद्यावर उचली. वासरूं वाढत गेलें तशी त्याची शक्तिहि वाढली, आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलूं लागला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील तत्त्व खरें आहे : भार क्रमाक्रमानें वाढला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें गुडघे दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करतांना या तत्त्वाला शास्त्रीय रूप दिलें. १९४५ सालीं त्यानें आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढें त्यानें सुचविलेली पद्धति सोपी होती. जें वजन बरोबर दहा वेळां उचलतां येतें, अकराव्यांदा नाहीं, तें प्रमाण मानावयाचें; प्रथम त्याच्या निम्म्यानें, नंतर पाऊण वजनानें आणि शेवटीं पुऱ्या वजनानें दहा-दहा आवर्तनें करावयाचीं; आणि शक्ति वाढेल तसतसें तें प्रमाण वाढवीत जावयाचें. स्नायूला अवघड वाटलें पाहिजे, हें याचें मर्म. जें डंबेल गप्पा मारीत शंभर वेळां हलवितां येतें, तें हातास चलनवलन देईल. शक्ति फारशी देणार नाहीं.

आतां या साधनाचे गुण पाहूं जातां पहिला गुण त्याचें लहानपण. चटई मावेल एवढी जागा त्यास पुरते. व्यायामशाळेंत जाण्यायेण्याचा वेळ वांचतो, आणि चारचौघांत व्यायाम करण्याचा संकोच वाटणाऱ्या स्त्रियांस व वृद्धांस आपल्याच खोलींत, आपल्या सोयीच्या वेळीं तो करतां येतो. आरंभहि एक-दोन किलोपासून करतां येतो. मोठ्या व्यायामशाळांतील जो लांब लोखंडी दांडा दोन्ही टोकांस चकत्या लावून उचलतात, तो पुष्कळदां रिकामाच वीस किलोंचा असतो.

दुसरा गुण असा कीं, प्रत्येक हातास स्वतःचें ओझें स्वतःच वाहावें लागतें. दांडा दोन्ही हातांनीं उचलतांना बळकट उजवा हात दुबळ्या डाव्याचा भार नकळत आपल्याकडे घेतो. दोन डंबेल्समध्यें अशी लबाडी चालत नाहीं. शिवाय दांड्यानें मनगटें एका ठराविक स्थितींत जखडलीं जातात. डंबेल धरलेलें मनगट मात्र खांद्यास सोयीचें पडेल तसें वळवितां येतें. खांदा पूर्वीं दुखावलेल्या माणसास ही मोकळीक मोलाची वाटते.

तिसरा गुण सुरक्षिततेचा. उताणें निजून दांडा छातीवरून वर लोटतांना बळ सरलें तर तो छातीवर वा गळ्यावर अडकून बसतो, आणि जवळ दुसरा माणूस नसेल तर प्रसंग जिवावर बेततो. डंबेल्स दोन्ही बाजूंस खालीं सोडून मोकळें होतां येतें. फरशी फुटेल, खालच्या मजल्यावरील शेजारी वर येतील. पण जीव वांचेल. एकट्यानें व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे.

याच्या उलट उणिवाहि तितक्याच स्पष्ट आहेत, आणि त्यांतील पहिली त्याच लहानपणांतून निघते. मनुष्याच्या मांड्या आणि नितंब हे शरीरांतील सर्वांत मोठे स्नायू. जन्मभर सगळ्या देहाचा भार वाहिलेल्या पायांना पांच-पांच किलोंचीं डंबेल्स म्हणजे कांहींच नव्हे. डंबेल्स जड घ्यावींत तर पाय थकण्यापूर्वीं मुठी सुटतात, आणि जड डंबेल्स खांद्यापर्यंत नेणें हाच एक निराळा खटाटोप होऊन बसतो. परिणामीं केवळ डंबेल्सवर भिस्त ठेवणारे पुष्कळ लोक दंडाच्या बेटकुळीचा व्यायाम करतात आणि पाय विसरतात. पाटावरून उठतांना तर कामास येतात ते पाय.

दुसरी उणीव प्रगतीच्या पायऱ्यांची. पन्नास किलोंच्या दांड्यास सव्वा-सव्वा किलोची चकती दोन्ही टोकांस लावली कीं भार एक-विसांशानें वाढतो. पांच किलोंच्या डंबेलवरून साडेसात किलोंच्या डंबेलवर जावयाचें तर भार एकदम दीडपट होतो. बाहू बाजूंनीं वर उचलण्याच्या व्यायामांत एवढी उडी झेपत नाहीं; मग मनुष्य एक तर झोके देऊन वजन उचलतो आणि खांदा दुखावतो, नाहीं तर वर्षानुवर्षें त्याच वजनावर राहतो. मायलोचें वासरूं वाढतच नाहीं, म्हणून मायलोहि वाढत नाहीं.

तिसरी उणीव पदार्थविज्ञानांतील आहे. डंबेलचें वजन सदैव सरळ खालीं ओढतें. कोंपर वांकवून तें खांद्याकडे आणतांना हात जमिनीस समांतर असतो त्या क्षणीं भार सर्वांत अधिक पडतो. मूठ खांद्याशीं आली कीं तो जवळजवळ नाहींसा होतो. दोर चढणारा किंवा मल्लखांबावर चढणारा मनुष्य आपलें शरीर हातांनीं वर ओढून घेतो आणि त्यानें पाठीचे रुंद स्नायू घडतात. ही ओढ डंबेल्सनीं नीट साधत नाहीं. कमरेंत वांकून डंबेल पोटाकडे खेंचण्याचा व्यायाम चांगला आहे, पण तो तिची जागा पुरतेपणीं घेऊं शकत नाहीं.

तोल सांभाळावा लागणें हा डंबेल्सचा गुण मानावा कीं दोष, हें हेतूवर अवलंबून आहे. नॉर्वेंतील अभ्यासकांनीं २०११ सालीं उताणें निजून वजन वर लोटण्याच्या व्यायामाची तुलना केली. तेव्हां त्याच माणसांस दांड्यापेक्षां डंबेल्सनीं सुमारें १७ टक्के कमी वजन उचलतां आलें. उरलेली शक्ति जणूं तोल राखण्यांत खर्च होते. घरकामास आणि प्रवासांतील सामान उचलण्यास हा तोल उपयोगीच पडतो. पण ज्यास अधिकांत अधिक वजन उचलण्याच्या स्पर्धेंत उतरावयाचें आहे, त्यास दांड्याचा सराव केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

सर्वांत विचारणीय बाब हाडांची. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांची मासिक पाळी थांबल्यानंतर, हाडें विरळ होऊं लागतात आणि साध्या पडण्यानेंहि खुबा मोडतो. ऑस्ट्रेलियांत हाडें विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. एका गटानें जाणकारांच्या देखरेखीखालीं आठवड्यांतून दोनदां, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड दांडे उचलले. दुसऱ्या गटानें घरीं हलका व्यायाम केला. पहिल्या गटांत कण्याच्या हाडांची घनता सुमारें ३ टक्क्यांनीं वाढली, दुसऱ्यांत ती किंचित्‌ घटली. अर्थात्‌ वाटेल त्या स्त्रीनें उद्यांपासून जड दांडा उचलावा असा याचा अर्थ नव्हे. तेथें देखरेख होती. परंतु फुलासारखीं हलकीं डंबेल्स हलवून हाडें मजबूत होतील, ही आशा मात्र या प्रयोगानें फोल ठरविली.

मग केवळ डंबेल्स घरीं असलेल्या माणसानें काय करावें? उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहींत. नवी जोडी घ्यावयाची असल्यास एकाच वजनाचीं ओतीव डंबेल्स न घेतां चकत्या काढतां-घालतां येतील अशी दांडीचीं घ्यावींत. तीं वासराप्रमाणें वाढतात. जुनीच जोडी असेल तर आवर्तनें आठांवरून पंधरांपर्यंत न्यावींत, वजन खालीं आणतांना तीन-चार अंक मोजावेत, आणि पायांसाठीं एकेका पायावर भार घ्यावा : एक पाय पुढें टाकून गुडघा वांकविणें, किंवा भक्कम चौरंगावर एका पायानें चढणें-उतरणें. वजन हलकें असलें तरी स्नायु थकण्याच्या सीमेपर्यंत काम केलें तर तो पुष्ट होतो, हें अलीकडील अनेक प्रयोगांवरून सिद्ध झालें आहे. कमाल शक्तीसाठीं मात्र जड वजनच श्रेष्ठ. जेथें डंबेल उणें पडतें तेथें तालमीची जुनी विद्या हात देते. बैठका पायांस, दंड छातीस, आणि दारास बसविलेल्या मजबूत आडव्या दांडीला लोंबकळणें पाठीस, अशी जोड दिली कीं बहुतेक सर्व उणिवा भरून निघतात.

वेळहि फार लागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यांतून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम सुचविला आहे. पायांचा, पुढें लोटण्याचा, खेंचण्याचा, डोक्यावर उचलण्याचा आणि जमिनीवरून ओझें उचलण्याचा असे पांच व्यायाम, प्रत्येकाचे दोन-तीन फेरे, एवढ्यानें काम भागतें. श्वास कोंडूं नये. त्यानें रक्तदाब एकाएकीं चढतो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा हर्नियाचा विकार असेल त्यानें प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आतां वय झालें, असें म्हणणाऱ्यांसाठीं एक वृत्त. बोस्टन येथें नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांस आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम देण्यांत आला. १९९० सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला : ज्यांनीं तो पूर्ण केला त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें. तेथें साधन डंबेल नव्हतें, यंत्र होतें; परंतु भार कशानें दिला हें स्नायूस कळत नाहीं, तो पुरेसा होता कीं नाहीं एवढेंच कळतें.

एवंच, केवळ डंबेल्सनीं व्यायाम करणें हें अपुरें असलें तरी व्यर्थ नाहीं. आरंभ करणाऱ्यास, जागेची अडचण असणाऱ्यास, एकट्यानें व्यायाम करणाऱ्यास तीं उत्तम. पायांस आणि हाडांस तीं एकटीं पुरत नाहींत. आणि न वाढणाऱ्या भाराचा लाभहि लवकरच वाढेनासा होतो. पलंगाखालची जोडी बाहेर काढतांना ती सर्वप्रथम घरांतील तरुणाच्याच हातीं द्यावी असें नाहीं. भिंतीचा आधार शोधणाऱ्या वडील माणसानें एक हलकें डंबेल छातीशीं धरून भिंतीलगत ठेवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठावें आणि सावकाश बसावें. आज पांच वेळां, पुढील आठवड्यांत सहा वेळां. पाटावरून हात न टेकतां उठतां आलें, म्हणजे त्या जोडीची किंमत वसूल झाली असें समजावें.