गाण्याच्या मेळ्याला निघताना

गाणे ऐकावयास जाताना सोबत गमबूट, मेखा ठोकण्याची हातोडी आणि चार दिवसांच्या दशम्या न्याव्या लागतात असे कोणी सांगितले, तर आपणांपैकी पुष्कळांना ती थट्टा वाटेल. आपल्याकडे गाणे म्हणजे सतरंजी, तक्क्या आणि फार तर खांद्यावर एक शाल. इंग्लंडात मात्र उन्हाळ्यातील गाण्याचे मेळे उघड्या रानात भरतात आणि ऐकणारे तेथेच तंबू ठोकून राहतात. आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे असतात व हौसेने या मेळ्यांना जातात. मी पस्तीस वर्षे शिक्षकी केली. त्यांपैकी बरीच वर्षे शाळेचे बालवीर पथक मजकडे होते. त्यामुळे छावणीचे सामान कसे बांधावे हे मला कळते, असा आमच्या घरातील मंडळींचा समज आहे. २०१६ साली ब्रिस्टल येथे राहणाऱ्या माझ्या कन्येने विचारले, "बाबा, ग्लॅस्टनबरीला चाललो आहोत. काय काय नेऊ?" मी तिला उलट विचारले, "सोमवारी काय काय परत आणू शकशील?"

सामान बांधण्याची सारी विद्या या प्रश्नात आहे. जाताना अंगात उत्साह असतो, सामान कोरडे असते, पिशवी आपण घरी निवांतपणे भरलेली असते. येताना चार रात्रींची अपुरी झोप, भिजलेला तंबू आणि पायांखाली चिखल. जे ओझे त्या अवस्थेत उचलवणार नाही, ते मुळात उचलूच नये.

हा मेळा कोठे भरतो, ते सांगितले पाहिजे. ग्लॅस्टनबरी हे त्याचे नाव; पण तो त्या गावी भरत नाही. तेथून सहा-सात मैलांवर पिल्टन नावाचे खेडे आहे, तेथील वर्दी फार्म या गोठ्याच्या शेतावर तो भरतो. मायकेल ईव्हिस या गवळ्याने १९ सप्टेंबर १९७० रोजी तो प्रथम भरविला. प्रवेशमूल्य एक पौंड, आणि त्यात दूध फुकट! आज ९०० एकरांहून अधिक जागेवर दोन लक्ष माणसे जून महिन्याच्या अखेरीस गोळा होतात. बुधवारी दरवाजे उघडतात, रविवारी रात्री गाणे संपते, सोमवारी पांगापांग. मोटार जेथे उभी करावयाची तेथून तंबूच्या जागेपर्यंत मैल-दीड मैलाची चाल ठरलेली. म्हणून चाकांची पेटी नको, पाठीवरची सॅकच हवी. चाके डांबरी रस्त्यावर चालतात. चिखलात ती रुततात, आणि मग पेटी हातांनी उचलून न्यावी लागते.

सॅक भरताना जड वस्तू पाठीशी लागून, खांद्यांच्या जरा खाली ठेवाव्या. तळाशी ठेवल्यास ओझे मागे खेचते. तंबू अशा रीतीने बांधावा की बाकीचे सामान न उघडता तो बाहेर काढता येईल. कारण पाऊस असेल तर प्रथम लागतो तो तंबूच. आणि प्रत्येक कोरडा कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मग सॅकमध्ये घालावा. दुकानदार काहीही सांगो, सॅकच्या शिवणीतून पाणी आत येतेच.

आता बिछाना. येथे आपली मंडळी हमखास पांघरुणांची चळत बांधतात. जूनमध्येही तेथील रात्री दहा अंशांपर्यंत उतरतात, हे खरे. परंतु माणसाला थंडी वाजते ती वरून कमी आणि खालून अधिक. ऊब धरून ठेवते ती कपड्यातील कोंडलेली हवा. आपण ज्या भागावर निजतो तो भाग दडपला जातो, हवा निघून जाते, आणि ओली जमीन अंगातील ऊब रात्रभर शोषून घेते. म्हणून दुसऱ्या रजईऐवजी खाली घालावयाची जाड चटई न्यावी. ती वजनालाही हलकी. तंबूखाली अंथरावयाचे मेणकापड तंबूच्या बाहेर बोटभरही डोकावता कामा नये. डोकावले की तंबूवरून ओघळणारे पाणी त्यावर साठते आणि सरळ आपल्या पाठीखाली येते. बालवीरांना हे सांगून माझा घसा बसे. पण एक रात्र भिजल्यावर पुन्हा सांगावे लागत नसे.

जागा निवडणे हेही सामानाइतकेच महत्त्वाचे. २४ जून २००५ रोजी पहाटे तेथे असा वळवासारखा पाऊस झाला की उताराच्या पायथ्याचे शेकडो तंबू पाण्याखाली गेले. रंगमंचाजवळची सपाट, सखल जागा दिसावयास मोहक असते. थोडे चालावे लागले तरी चढावर राहावे.

कपड्यांविषयी फार बोलत नाही. सुती जाड विजार, जिला मुले जीन्स म्हणतात, ती घरी ठेवावी. भिजली की दोन दिवस वाळत नाही. एक लोकरीचा सदरा, एक चांगला रेनकोट, आणि गमबुटांच्या काठाहून उंच असे मोजे, नाही तर पोटऱ्या सोलवटतात. छत्री नको. गर्दीत ती पाठीमागच्याच्या डोळ्यांसमोर येते आणि त्याच्या शिव्या खाव्या लागतात.

खाद्यपदार्थ तेथे विकत मिळतात, परंतु लहान मूल बरोबर असल्यास घरची शिदोरी असावी. दशम्या, मेतकूट, भडंग हे तीन-चार दिवस टिकते. कन्येने लोणच्याची काचेची बरणी काढून ठेवली होती. काच आत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोणचे स्टीलच्या डब्यात गेले. पाण्यासाठी नळ आहेत, आपली बाटली आपण न्यावी; एकदा वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची विक्री तेथे २०१९ पासून बंद आहे.

माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी दोन वस्तूंचा मी आग्रह धरला. एक, मनगटावरची पट्टी आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने आईचा दूरध्वनी क्रमांक. दुसरी, कान झाकण्याच्या वाट्या. पंच्याऐंशी डेसिबलच्या पुढचा आवाज दीर्घकाळ ऐकल्यास कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी मरतात, आणि मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्यांनीही बोळे घालावे. गाणे ऐकावयास जाऊन कान गमावून येणे हा कोणता व्यवहार?

त्या वर्षी पाऊस अगोदरच कोसळला होता. बुधवारी वाहनांची रांग इतकी लांबली की, जे घरून निघाले नाहीत त्यांनी निघू नये, असे आयोजकांना कळवावे लागले. सेहेचाळीस वर्षांत असा चिखल पाहिला नाही, अशी खुद्द ईव्हिस यांची कबुली. अशा चिखलात सोमवारी तंबू उपटण्याचे जिवावर येते आणि कित्येक लोक तो तेथेच टाकून चालते होतात. पैसे आपले, वस्तू आपली, मग बिघडले काय, असे त्यांना वाटत असावे.

बिघडते ते असे. मेळा संपला की त्या रानावर पुन्हा गाई चरावयास येतात. गाय घास नीट न चावता गिळते. गवताबरोबर खुंटीचा तुकडा किंवा तार पोटात गेली, की ती चार कप्प्यांपैकी दुसऱ्यात अडकते. तेथून हृदय अगदी जवळ. त्या कप्प्याच्या हालचालीने टोक पुढे सरकते आणि चांगले दुभते जनावर कण्हत बसते. म्हणून तेथे ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून रान विंचरून काढतात. जमिनीला विसावा मिळावा म्हणून अधूनमधून एक वर्ष मेळाच भरवीत नाहीत. २००६, २०१२ आणि २०१८ ही वर्षे अशीच सोडली, आणि २०२६ सालही त्यासाठीच ठरले.

माझे सांगणे एवढेच होते, की खुंट्या मोजून न्या आणि मोजून आणा. आकडा पिशवीवरच लिहा. आमच्या जावयांनी सोळा लिहिला होता. सोमवारी सकाळी पावसाच्या भुरभुरीत मोजल्या, तो पंधरा! मागे माणसे घाई करीत होती, मुलगा पेंगुळला होता. कन्या म्हणाली, "राहू दे आता." जावई चिखलात गुडघे टेकून तंबूच्या जागेचा चौकोन हाताने चाचपू लागले. वीस मिनिटे गेली. सोळावी खुंटी त्या चौकोनाबाहेर, शेजाऱ्याच्या दोरीच्या भोकात होती. कोणीतरी रात्री ती उसनी घेतली होती.

एक राहिले. भिजलेला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकू नये. आठवड्यात बुरशी धरते. कन्येच्या घरी तो चार दिवस जिन्याच्या कठड्यावर वाळत होता, आणि घरातील प्रत्येक मनुष्य वाकून त्याखालून ये-जा करीत होता.