गराड्यातून सुटताना

कुस्तीत समोरच्याला चीत केले की निकाल लागतो. चारजण एकदम अंगावर आले, तर एकाला धरणाऱ्याचे दोन्ही हात त्या एकातच अडकतात आणि पाठ उरलेल्या तिघांना मोकळी मिळते. म्हणून कुस्ती-ज्युदोतले जमिनीवरचे डाव आखाड्यात कितीही बिनतोड असले, तरी इथे अंगलट येतात. पायांवर उभे राहणे महत्त्वाचे. पडलेच तर डोके-मान हातांनी झाकून झटक्यात उठायचे. सिनेमातले गुंड आपली पाळी येईपर्यंत थांबतात, रस्त्यावरचे थांबत नाहीत. क्योकुशिन कराटेतली शंभर जणांशी लढतही प्रसिद्ध आहे, पण तिथेही प्रतिस्पर्धी एकामागून एक येतात.

महाराष्ट्रातल्या मर्दानी खेळांना हा फरक ठाऊक आहे. फरी-गदका समोरासमोरच्या दोघांचा; गराडा फोडायला लाठी आणि दांडपट्टा. पट्ट्याचे लांब, लवचीक पाते हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीला जोडलेले असते. मनगट वळवायला फारसा वाव नसल्याने वार खांद्यातून, अख्ख्या अंगानिशी फिरतो आणि खेळणाऱ्याभोवती धारेचे रिंगण तयार होते. वेळूची लाठी हेच काम धारेवाचून करते. पाहणाऱ्याचे लक्ष गरगरणाऱ्या काठीकडे जाते, खरे कसब मात्र पायांत असते. एका पवित्र्यातून दुसऱ्यात वळताना तोंड फिरते, मागचा माणूस नजरेच्या टप्प्यात येतो आणि काठीचा फेरा त्याला हातभर मागे सारतो. तेवढ्यात जी फट पडते, तिच्यातून निसटायचे असते.

जागेचे महत्त्व घोडखिंडीत दिसले. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी तिथे कितीतरी मोठी फौज रोखून धरली. पराक्रम तर होताच, पण अरुंद खिंडीत शत्रूला एका वेळी मोजकीच माणसे पुढे आणता येत होती. शिवाय फौजेचा पराभव करायचा नव्हताच, शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत तिला अडवायचे होते.

रिकाम्या हातांनी हेच सूत्र वापरता येते. घोळक्याच्या मध्ये न थांबता कडेच्या माणसाच्या बाहेरच्या अंगाला सरकावे. मग बाकीचे त्याच्यामागे येतात आणि त्यांना त्याचीच अडचण होते. उभी मोटार, टपरी किंवा हातगाडी मध्ये घेतली तरी चालते. भिंतीला पाठ लावल्याने मागून वार येत नाही, पण सुटायची वाटही बुजते. कोपरा तर सापळाच. छत्री किंवा दप्तर दोन्ही हातांनी पुढे धरले, तर अंतर राखता येते. पाकिटासाठी चाकू निघाला, तर पाकीट दूर फेकून उलट दिशेला, उजेडाकडे आणि माणसांकडे, ओरडत धावावे. चाकू हिसकावण्याचे डाव तालमीत लाकडी सुऱ्यावर छान जमतात. त्यांच्या भरवशावर राहू नये.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होती. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा हा हक्क देत नाही. हल्लेखोर पळू लागला की धोका सरतो, आणि मागे धावून घातलेली काठी गुन्हा ठरू शकते. सुरक्षित जागी पोहोचताच 112 वर फोन करावा. मग अंग चाचपून पाहावे, कारण झटापटीच्या भरात चाकूची जखमही पुष्कळदा जाणवत नाही.