सायकलची चोरी आणि फिर्यादीचा हक्क
(जवाहरनगर, जि. भंडारा येथील बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. शिक्षण, नोकऱ्या, राखीव जागा असे मोठे प्रश्न समोर असता हा मनुष्य सायकलच्या चोरीवर काय बोलणार, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु हक्क हा केवळ मोठ्या प्रसंगीच लागतो असे नाही. संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने सांगितलेली कायद्यापुढील समता जशी दिल्लीच्या न्यायालयात सिद्ध व्हावयाची असते, तशीच ती पोलीस ठाण्याच्या टेबलापुढेही सिद्ध व्हावयाची असते. ज्या मनुष्याला आपली लहान फिर्याद नोंदवून घेता येत नाही, त्याला मोठ्या अन्यायाची फिर्याद तरी कशी नोंदवून घेता येईल?

आणि सायकल ही गरिबाच्या घरी लहान वस्तू आहे काय? आयुध निर्माणीच्या पाळीवर वेळेत पोचणारा कंत्राटी मजूर, आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणारी मुलगी, भाजीची टोपली मागे बांधून बाजार गाठणारी बाई, यांची सायकल गेली म्हणजे त्यांची रोजी, शाळा किंवा बाजार गेला. श्रीमंताची मोटार गेली तर विमा कंपनी आहे. गरिबाच्या सायकलला विमा कोठला? तिला केवळ कायद्याचाच आधार.

हा आधार मागण्यास आपले लोक अजूनही कचरतात, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. जुन्या गावगाड्यात आपल्या पूर्वजांना गावाचा पहारा करावा लागे, चोराचा माग काढावा लागे, निरोप घेऊन धावावे लागे. सरकारी अंमलदाराशी त्यांचा संबंध हुकूम ऐकण्यापुरता होता. दुसऱ्याच्या चोरीसाठी ते ठाण्याच्या दारात उभे राहिले. स्वतःच्या चोरीसाठी तेथे जाऊन बसण्याची सवय त्यांना कोणी लागू दिली नाही. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. वतन गेले, परंतु अंमलदारापुढे हात जोडण्याची सवय मागे राहिली. ती सवय सोडणे हेही धर्मांतराचेच एक काम आहे.

इटली देशात १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाने सायकलचोरीवर एक चित्रपट काढला. तो 'बायसिकल थीव्ह्ज' या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. महायुद्धानंतरच्या रोम शहरात एका बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण सायकल असेल तरच. त्याची बायको घरातील चादरी गहाण टाकून त्याची गहाण पडलेली सायकल सोडविते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीस जाते. पोलीस फिर्याद लिहून घेतात, आणि शोध तूच घे असे त्याला सुचवितात. तो आपल्या लहान मुलाला घेऊन बाजार धुंडाळतो. एका दुकानात संशय येतो, तेव्हा सांगाड्यावरील क्रमांक ताडून पाहिला जातो; तो जुळत नाही. पुढे ज्याच्यावर संशय आहे तोच मनुष्य त्याच्या हाती लागतो, पोलीस त्याच्या घराची झडतीही घेतो. परंतु मुद्देमाल सापडत नाही आणि साक्षीदार कोणी नसतो. अखेर हा प्रामाणिक मनुष्य स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलावयास जातो व मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो.

या कथेतून दोन गोष्टी आपण घ्यावयाच्या आहेत. कायद्याचे दार बंद झाले तर प्रामाणिक मनुष्यही घसरतो, ही पहिली. दुसरी अशी, की दार उघडे असले तरी हातात क्रमांक, पावती व साक्षीदार नसेल तर पोलिसालाही पुढे जाता येत नाही. म्हणून हक्क आणि पुरावा या दोन्हींचा विचार आपण करू.

प्रथम हक्काचा विचार. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. सुरक्षा संहितेचे कलम १७३ आपण पाठ करून ठेवावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी चालते. ती लिहून घेणे, वाचून दाखविणे व त्यावर आपली सही घेणे हे ठाणे अंमलदाराचे काम आहे. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे कारण सांगून खबर नाकारता येत नाही. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून सायकल गेली आणि तपास लोहमार्ग पोलिसांकडे जाणार असला, तरी खबर आपल्या जवळच्या ठाण्यात देता येते. तेथून ती योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. आणि नोंदलेल्या प्रथम खबरीची प्रत ताबडतोब व विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. ती घेतल्यावाचून ठाण्याची पायरी उतरू नका.

येथे जवाहरनगरकरांना एक सूचना करावयाची आहे. कारखान्याच्या फाटकावरील पहाऱ्याला सांगितले, वसाहतीच्या कार्यालयात वहीत लिहिले, म्हणजे पोलिसांत खबर दिली असे होत नाही. त्या नोंदी पुरावा म्हणून उपयोगी पडतील. परंतु फिर्याद ठाण्यातच द्यावयाची.

आता जो मुद्दा सायकलच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा, त्याकडे लक्ष द्या. नव्या कायद्यात साध्या चोरीचे कलम ३०३ आहे. चोरीस गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती चोरी अदखलपात्र धरली जाते. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या मनुष्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. अदखलपात्र म्हणजे काय? कलम १७४ प्रमाणे पोलीस वहीत नोंद करतील, आपणास दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतील, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून तपास करू शकणार नाहीत. ठाण्यातून आपल्या हाती कागद मिळाला आणि महिनाभर काहीच हालचाल झाली नाही, तर पुष्कळदा त्याचे मूळ येथे असते. कागदावर प्रथम खबर आहे की अदखलपात्र नोंद आहे, हे तेथेच वाचून घ्या.

म्हणून ठाण्यात किंमत सांगताना बेफिकीरपणे बोलू नका. 'जुनीच होती साहेब, असेल हजार-दोन हजाराची' असे लीनतेने बोलून आपणच आपला गुन्हा अदखलपात्र करून घेतो. वाढवून सांगा असे मी म्हणत नाही. खोटे बोलणे आपल्या शीलात बसत नाही आणि ते उघडकीसही येते. खरी किंमत सांगा आणि पावती दाखवा.

किमतीप्रमाणेच जागाही महत्त्वाची. सायकल राहत्या घराच्या आतून नेली असेल, तर तो कलम ३०५ खालील गुन्हा होतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो दखलपात्र आहे, आणि तेथे पाच हजारांची अट नाही. सायकल रस्त्यावर होती, की घरात आतल्या खोलीत कुलपाखाली होती, हे फिर्यादीत नेमके लिहिले गेले पाहिजे.

खबर दखलपात्र असूनही नोंदविली गेली नाही, तर काय करावे? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात निर्णय दिला आहे, की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ती नोंदविणे बंधनकारक आहे. नव्या कायद्याने तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे, आणि साधी चोरी त्यात येते. परंतु ती चौकशी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि चौदा दिवसांतच करावयाची आहे. 'चौकशी चालू आहे' असे उत्तर मिळाले, तर परवानगी कोणाची व मुदत कोणत्या तारखेस संपते, हे नम्रपणे विचारा.

तरीही काम झाले नाही, तर क्रमाने पुढे जा. सर्व हकीकत लिहून भंडाऱ्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि टपालाची पावती जपून ठेवा. तेथेही दाद लागली नाही, तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम १७५ प्रमाणे ते तपासाचा हुकूम देऊ शकतात. ही पायरी सोडून एकदम वर धाव घेण्यात पैसा व वेळ दोन्ही जातात. वकिलाला देण्यास पैसे नाहीत, म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले व औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातींत धरले जाते. तेव्हा धर्मांतरामुळे हा हक्क गेला असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र जातीचा दाखला तयार ठेवा.

खबर नोंदली गेल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळविले नाही, तर लेखी विचारा. आणि सायकल सापडली, तर ती ठाण्याच्या आवारात पावसात गंजत पडू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले आहे, की जप्त वाहने व वस्तू विनाकारण ठाण्यात ठेवू नयेत. पंचनामा व छायाचित्रे करून त्या योग्य माणसाच्या ताब्यात द्याव्यात. त्यासाठी न्यायालयात सुपुर्दनाम्याचा अर्ज करावयाचा असतो.

आता पुराव्याविषयी. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेऊन तिला बिल्ला देत. आज मोटारसायकलीस जसा नोंदणी क्रमांक असतो, तसा सायकलीस नाही. तिच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक हीच तिची ओळख. बहुधा तो पायडल जेथे बसविलेले असते त्या भागाच्या खाली, किंवा सीटखालच्या नळीवर असतो. आज घरी गेल्यावर दिवा घेऊन तो शोधा व मुलांच्या वहीत लिहून ठेवा. सायकलचे एक छायाचित्र काढा, खरेदीची पावती घरच्या कागदपत्रांत ठेवा. जुनी सायकल घेताना विकणाऱ्याकडून सही केलेली चिठ्ठी घ्या. अशी चिठ्ठी देण्यास जो तयार नसेल, त्याची सायकल घेऊ नका. न दिलेले न घेण्याचे शील आपण वंदनेच्या वेळी म्हणतो. चोरीचा माल स्वस्तात घेणाराही ते शील मोडतो, आणि कायद्याच्या दृष्टीनेही जाणूनबुजून तसा माल घेणारा गुन्हेगार आहे.

आणखी दोन गोष्टी सांगून हे भाषण संपवितो. संशयित सापडला म्हणून त्याला बांधून मारू नका. ज्या समाजाने जमावाचा मार खाल्ला, त्याने जमाव होऊन दुसऱ्यास मारावे, हे शोभत नाही. शिवाय तसे केल्यास फिर्यादी असलेला मनुष्य आरोपी होतो. तसेच, प्रत्येक चोरी हा जातीय अत्याचार नसतो. जातीवरून अपमान झाला असेल तर ते स्पष्टपणे व निर्भयपणे सांगा, त्यासाठी १९८९ चा स्वतंत्र कायदा आहे. झाला नसेल तर ते फिर्यादीत घालू नका. खऱ्या फिर्यादीचे बळ तिच्या खरेपणात असते.

माता-भगिनींनो, ठाण्यात एकट्याने जाऊ नका. शिकलेल्या मुलीला बरोबर घ्या. तिला वाचू द्या, तारीख पाहू द्या, प्रत मागू द्या. ठाणेदाराशी सभ्यतेने बोला, कारण त्याच्याही माथ्यावर कामाचा भार असतो. परंतु लाचारीने बोलू नका, कारण आपण त्याच्याकडे मेहेरबानी मागावयास गेलेलो नसतो. सायकल परत मिळेलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण आपली फिर्याद क्रमांक पडून सरकारी कागदावर चढली पाहिजे, आणि तिची प्रत आपल्या पेटीत असली पाहिजे. एवढे प्रत्येक घराने केले, तर पुढच्या वेळी त्या टेबलापुढे उभा राहणारा आपला माणूस बसावयास खुर्ची मागेल.

जय भीम.